पुस्तक धरणारी मुलगी

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आजच्या मुलांना करिअरवर काहीतरी सांग." मी हो म्हटलं. चार पानं लिहूनही काढली. पण काल संध्याकाळी पुण्याहून सांगलीत आले, गणपतीचं दर्शन घेतलं, आयर्विन पुलावर थोडा वेळ उभी राहिले आणि ती चार पानं पिशवीतच ठेवायची ठरवली. तीस वर्षांनी आपण भेटतोय. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना एक गोष्ट अर्धवट माहीत आहे. ती आज पुरी सांगते.

तुम्हाला माहीत असलेली अर्धी गोष्ट अशी. दहावीच्या सहामाहीला मी बीजगणिताचा पेपर कोरा दिला. वर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक आणि आत काहीही नाही. वर्गात कुजबुज झाली. कुणी म्हणालं, शायनिंग मारते. कुणी म्हणालं, आजारी आहे. मग मला मेरिट बॅचमधून काढलं आणि मी 'नाटकात गेली'. शाळेच्या गुणवंतांच्या फलकावर माझं नाव लागेल असं सगळ्यांना वाटत होतं, ते लागलं नाही. आजही तो फलक जिन्यापाशी आहे. मघाशी बघून आले.

आता उरलेली अर्धी.

माझे बाबा मार्केट यार्डात एका अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत ते घरी आले की त्यांच्या आधी वास यायचा. बोटांच्या पेरांत हळद बसलेली असायची, ती साबणानंही जायची नाही. माझ्या वह्यांना कव्हरं तेच घालायचे, त्यामुळे सातवीपर्यंत माझ्या प्रत्येक वहीवर कुठेतरी पिवळं बोट उमटलेलं असे. आठवीत मला त्याची लाज वाटायला लागली आणि मी कव्हरं स्वतः घालायला लागले. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही.

१९९५ च्या मे महिन्यात, दुपारी, दुकानातच ते गेले. हृदयविकाराचा झटका. ४६ वर्षांचे होते. संध्याकाळी कुणीतरी एक माणूस त्यांची कापडी पिशवी आमच्या घरी घेऊन आला. आत डबा, चष्मा आणि शाईचं पेन. घरात इतकी माणसं होती की पिशवी कुणी आणली हे मी पाहिलंच नाही.

चौदावं झालं आणि पंधराव्या दिवशी मी सुट्टीतल्या वर्गाला हजर झाले. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. नववीच्या निकालावरून आपण बारा जण मेरिट बॅचसाठी निवडले गेलो होतो, आठवतंय ना? सकाळी सहाला वर्ग, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा वर्ग आणि रविवारी तीन तासांचा सराव पेपर. घरी येणारा प्रत्येक माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवून एकच वाक्य बोलायचा, "आता बाबांचं स्वप्न तूच पूर्ण करायचंस." वाक्य चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पण माझ्या बाबांनी असं कुठलं स्वप्न मला कधी सांगितलंच नव्हतं. ते फक्त विचारायचे, "जेवलीस का?"

जून, जुलै, ऑगस्ट मी रेटले. रडले नाही. आई रडायची म्हणून मी रडायचं नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. गणपतीच्या सुमारास लक्षात आलं की वाचलेलं डोक्यात शिरत नाहीये. प्रमेयाच्या पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलं की पहिली पुसलेली. केस गळायला लागले. पोटात दुखायचं. रात्री झोप यायची नाही आणि सकाळच्या वर्गात डोळे उघडे राहायचे नाहीत. सर फळ्यावर लिहायचे आणि मी त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचा खडू बघत बसायची. सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटायचं.

आज ह्याला शब्द आहे, बर्नआउट. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो या अर्थानं मांडला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली : कमालीचा थकवा, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पण ती व्याख्या नोकरीच्या ठिकाणापुरतीच आहे. पहाटे सहापासून रात्री नऊपर्यंत राबणारी पंधरा वर्षांची मुलं त्यात बसत नाहीत. आपल्या वेळी तर एकच शब्द होता, 'नाटकं करते'.

सहामाहीच्या पेपरात मी तीन तास बसून होते. उठून जाण्याचीही ताकद नव्हती. पेपर कोरा दिला आणि घरी येऊन झोपले.

दुसऱ्या आठवड्यात बाई आमच्या घरी आल्या. आपल्या मराठीच्या बाई. आज पहिल्या रांगेत बसल्यात. गुडघे दुखतात तरी जिना चढून आल्यात. मला वाटलं, तक्रार घेऊन आल्या. आईनं चहा टाकला. बाई म्हणाल्या, "आमचं राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक बसतंय. प्रॉम्प्टिंगला माणूस नाही. रोज संध्याकाळी दीड तास ही आली तर आमची सोय होईल." कोऱ्या पेपरचा एक शब्दही त्यांनी काढला नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली. वाड्यात काय बोलतील हे तिला ठाऊक होतं. बाप जाऊन पाच महिने झालेत, मुलगी दहावीत, आणि नाटकाला पाठवते! मग ती म्हणाली, "जा. नाहीतरी घरी बसून तू कुठे वाचतेस?" आईनं आयुष्यात घेतलेल्या निर्णयांमधला तो सगळ्यात धाडसी होता, असं मला आज वाटतं.

त्याच आठवड्यात मला मेरिट बॅचमधून काढलं. तेव्हा तो अपमान वाटला. बाईंनीच सरांकडे जाऊन तसं सांगितलं होतं, हे मला वीस वर्षांनी कळलं. सर आज आपल्यात नाहीत. त्यांनी ते ऐकलं, यासाठी मी त्यांचे इथं आभार मानते.

तालमी एका बंद पडलेल्या लेथच्या शेडमध्ये व्हायच्या. जमिनीवर खडूनं रंगमंच आखलेला. इथं दार, इथं खिडकी, इथं सोफा, म्हणजे दोन लोखंडी खुर्च्या. दिग्दर्शकांना सगळे अण्णा म्हणत. दिवसा बँकेत कॅशियर, संध्याकाळी अण्णा. नटांत एक एसटीचे कंडक्टर होते, एक शिंपी, एक नर्स, दोन कॉलेजची मुलं आणि मार्केट यार्डातले एक हमालमामा. कुणाला पैसे मिळत नव्हते. उलट चहाची वर्गणी द्यायला लागायची.

हे सांगलीला नवीन नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथल्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' केलं, म्हणून आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि दर वर्षी त्या दिवशी आपल्याकडे भावे पदक दिलं जातं. 'शारदा' लिहिणारे देवल आपल्या हरिपूरचे. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. भाव्यांच्या त्या नाटकांत पात्रांची भाषणं लिहिलेलीच नसायची. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आयत्या वेळी आपल्या शब्दांत बोलायची. म्हणजे तेव्हा प्रॉम्प्टरची गरजच नसणार. अण्णा मला चिडवायचे, "तू दीडशे वर्षं उशिरा आलीस म्हणून तुला काम मिळालं!"

माझं काम काय होतं? विंगेच्या जागी स्टुलावर बसायचं. मांडीवर नाटकाची टाइप केलेली प्रत, कार्बन कॉपी. ओळीखाली पट्टी धरायची आणि पट्टी एकेक ओळ खाली सरकवायची. कुणी अडलं की पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द हळू आवाजात टाकायचे. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, दोनच शब्द.

पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना छळलं. कुणी जरा थांबलं की मी शब्द टाकायची. कंडक्टरकाका वैतागले, "अगं पोरी, मी विसरलो नाही, मी थांबलोय!" अण्णांनी तालीम थांबवली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "थांबणं आणि विसरणं बाहेरून सारखंच दिसतं. पुस्तकात बघून ते कळत नाही, माणसाकडे बघून कळतं. विसरलेला माणूस तुझ्याकडे बघतो. थांबलेला माणूस आत बघत असतो. त्याला तसंच राहू दे."

मी रात्री घरी जाऊन त्या वाक्यावर विचार करत बसले. पाच महिने मी थांबले होते आणि सगळं गाव मला शब्द टाकत होतं. बाबांचं स्वप्न, आईचा आधार, बोर्डात ये, धीर धर. मी विसरलेय असं सगळ्यांना वाटत होतं. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

त्या शेडमध्ये एक सुख होतं. माझ्यावाचून अडायचं, पण माझ्याकडे कुणी बघायचं नाही. घरी आणि शाळेत नेमकं उलट होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

हमालमामांनी मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं, "तू दिवाणजींची पोरगी न्हवं?" मी मान हलवली. वाटलं, आता डोक्यावर हात येणार. पण ते हसायला लागले. "दिवाणजी पट्टी लिहिताना गुणगुणायचे, ठाऊक हाय का तुला? आन् बेसूर! आम्ही पोती उचलताना म्हणायचो, दिवाणजी, गाणं थांबवा, पोतं जड लागतंय." मला ठाऊक नव्हतं. घरी ते कधी गुणगुणले नाहीत. त्या दिवसापासून मामा रोज चहाच्या वेळी बाबांची एक गोष्ट सांगायचे. पाच महिने घरात बाबांचं नाव निघालं की सगळे गप्प व्हायचे किंवा रडायचे. बाबांबद्दल हसून बोलणारा हा पहिला माणूस मला भेटला.

एकदा मी त्यांना विचारलं, "मामा, मला रडू का येत नाही?" ते बिडी विझवून म्हणाले, "हरिपूरला पेव बघितलंस?" मी बाबांबरोबर गेले होते. जमिनीखाली खोल हौदासारखी खोदलेली कोठारं, त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचे. मामा म्हणाले, "पेव उघडलं की लगीच उतरायचं नसतं. आत वारा नसतोय. उतरला त्यो गेला. आदी तोंड उघडं ठेवायचं, वारा खेळू द्यायचा. मग कंदील सोडायचा. कंदील इझला न्हाई तर माणूस उतरतोय. तुझं आत्ता कुठं तोंड उघडलंय. घाई करू नगंस."

प्रयोग भावे नाट्यमंदिरात होता, स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत. सकाळपासून नेपथ्य लावणं चाललेलं, दिव्यांवर जिलेटीन पेपर चढवणं चाललेलं. तिसरी घंटा झाली, नारळ फुटला. स्पर्धेत प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू आला तर नाटकाची अब्रू जाते, म्हणून माझ्या हातापायाला कापरं भरलेलं.

नाटक एका गिरणी कामगाराच्या घरातलं होतं. तिसऱ्या अंकात मामांची एकच एन्ट्री. वारलेल्या माणसाची पिशवी घेऊन गावाहून आलेला शेजारी. आत यायचं, पिशवी खाली ठेवायची आणि म्हणायचं, "वहिनी, सामान आणलंय." तालमीत मामा आत यायचे आणि दारातूनच वाक्य फेकायचे. अण्णा रोज ओरडायचे, "अहो, पोतं नाही ते!"

प्रयोगात मामा आत आले. पिशवी खाली ठेवली नाही. उभे राहिले. बोलले नाहीत. मी पट्टी ओळीखाली घट्ट धरली. एक, दोन, तीन, चार. पलीकडच्या विंगेतून अण्णा मला हातानं खुणावत होते, दे, शब्द दे. माझं तोंड उघडलं होतं. 'वहिनी' हा शब्द ओठावर होता. मी मामांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा पिशवीच्या बंदावरून हळूहळू फिरत होता. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी तोंड मिटलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. नाट्यगृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग मामांनी पिशवी दोन्ही हातांनी, अगदी हळू, खाली ठेवली आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, सामान आणलंय."

माझ्या मांडीवरच्या पानावर पाणी पडायला लागलं. कार्बनची अक्षरं फुगली. पुढचा सगळा प्रवेश मी तोंडात ओढणी कोंबून, पट्टी सरकवत सरकवत पार पाडला. पट्टी सोडली नाही. पडदा पडल्यावर विंगेतच बसून राहिले आणि पोटभर रडले. बाई शेजारी येऊन बसल्या. काही बोलल्या नाहीत. बाई, तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, ते मला अजून आठवतं.

मेकअप पुसून मामा आले. अण्णा त्यांच्यावर तोंड टाकत होते, "तालमीत नसलेला पॉज कुठून काढलात?" मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या दारात मे महिन्यात मी असाच हुबा होतो. हातात दिवाणजींची पिशवी. तवाबी शब्द न्हवता. तू शब्द टाकला न्हाईस ते लई बरं केलंस."

ती पिशवी मामांनी आणली होती. महिनाभर ते रोज माझ्याशी बोलत होते आणि हे त्यांनी सांगितलं नव्हतं. कंदील टिकतोय का, ते बघत होते बहुतेक.

आमच्या नाटकाला बक्षीस मिळालं नाही. कुणाला प्रमाणपत्रही मिळालं नाही. नाटकानं मला बरं केलं, असंही मी म्हणणार नाही. ते दुःख नंतर बरीच वर्षं येऊन जाऊन होतं. पण प्रयोगानंतरच्या रात्री मी आणि आई पहिल्यांदा बाबांबद्दल बोललो. मी तिला गुणगुणण्याची गोष्ट सांगितली. ती आधी हसली आणि मग आम्ही दोघीही रडलो. त्या रात्री मला झोप लागली.

डिसेंबरात मी बीजगणिताचं पुस्तक उघडलं आणि ओळीखाली पट्टी धरली. पुढचं बघायचं नाही, एक ओळ झाली की पट्टी खाली. मार्चपर्यंत तसंच. मला ८१ टक्के पडले. बोर्डात येणाऱ्याच्या मानानं फार कमी, आणि पेपर कोरा देणाऱ्या मुलीच्या मानानं फार जास्त. पुढे बारावी, आपल्याच गावात इंजिनीअरिंगची पदवी, मग पुणे. आजही अवघड कोड वाचताना मी स्क्रीनवर पट्टी धरते. ऑफिसात मुलं हसतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टीममधल्या एका मुलाचे वडील गेले. दहाव्या दिवशी तो कामावर हजर. सगळे म्हणाले, त्याला मोठं काम द्या, मन रमेल. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "काहीही द्या, फक्त मीटिंगमध्ये बोलायला लावू नका." मी त्याला दुसऱ्यांचं काम तपासायचं काम दिलं. ज्याच्यावाचून अडेल, पण ज्याच्याकडे कुणी बघणार नाही, असं काम. आणि रोज चार वाजता एक चहा. तीन महिने लागले. मला वरून विचारणा झाली, मी सांगितलं, तो थांबलाय, विसरलेला नाही.

इथं बसलेल्या आईवडिलांना आणि शिक्षकांना एक सांगायचं आहे. प्रत्येक थांबलेलं मूल आपोआप पुढचं वाक्य बोलेलच असं नाही. काही मुलं खरोखर आपल्याकडे बघत असतात आणि त्यांना शब्द हवा असतो. जेवण-झोप तुटली, जगायला नको असं बोलायला लागलं, तर वाट बघू नका. आमच्या वेळी नव्हती ती सोय आज आहे. २०२२ पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ हा क्रमांक फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो शाळेच्या फलकाशेजारी लावा.

शेवटचं. आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी जमवलाय. बहुमत डिजिटल फळ्याच्या बाजूनं आहे आणि मी त्याच धंद्यात असल्यामुळे विरोध करणं मला शोभणार नाही. पण त्यातले थोडे पैसे या सभागृहाच्या रंगमंचावर खर्च करूया. फळ्या बदलूया, दोन दिवे लावूया. संध्याकाळी तो गावातल्या हौशी नाटकवाल्यांना तालमीसाठी फुकट देऊया. भाडं एकच. नववी-दहावीच्या दोन-तीन मुलांना त्यांनी पुस्तक धरायला, दिवे सांभाळायला, पडदा ओढायला घ्यायचं. त्याला मार्क नाहीत, प्रमाणपत्र नाही, फलकावर नाव नाही.

मामा २००५ च्या पुरानंतर दोन वर्षांनी गेले. अण्णा आता मुलाकडे असतात, ऐकू कमी येतं. पण बाई इथं आहेत, म्हणून एक कबुली देऊन टाकते. बाई, नाटकाची ती प्रत मी परत केलीच नाही. तिसऱ्या अंकाचं एक पान अजून फुगलेलं आहे. आज बरोबर आणली आहे. परत घ्यायची का माझ्याकडेच राहू द्यायची, ते तुम्ही ठरवा.